अंडी बंद करायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात बार्शीला धाकट्या बहिणीकडे गेले होते. सकाळी भाचीचा डबा भरताना पाहिलं तर चपाती आणि साखरआंबा. "अंडं नाही दिलंस?" म्हणून विचारलं, तर बहीण म्हणाली, "ताई, अंडी बंद केलीत. अप्पांनी ग्रुपवर टाकलेला मेसेज तू वाचला नाहीस का?"

भाची सात वर्षांची आहे, वजन सतरा किलो. रोज एक अंडं द्या असं डॉक्टरांनी सांगितलेलं, आणि तीन आठवडे अंडं बंद होतं. त्याच्या बदल्यात मेसेजच्या शेवटी शिफारस केलेलं 'ए-टू बिलोना तूप' (बिलोना म्हणजे दही घुसळून काढलेलं) घरात आलं होतं, अर्धा किलो, बाराशे रुपयांना. माझे मेहुणे छोटा हत्ती चालवतात. त्यांच्या घरात अंडी आणि चिकन मिळून महिन्याला साधारण एवढाच खर्च होतो.

हा मेसेज माझ्याकडे चार-पाच वेळा आला होता आणि दरवेळी मी न वाचता पुसून टाकला होता. त्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून पूर्ण वाचला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पोल्ट्रीतल्या कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात, त्यामुळे मुली लवकर वयात येतात. पांढरी अंडी नकली किंवा विषारी, तपकिरी तेवढी गावरान. कोंबड्या आयुष्यभर पिंजऱ्यात सडतात. म्हणून खायचं तर गावरानच खा, ते परवडत नसेल तर अंडी-चिकन पूर्ण बंद करा आणि ए-टू तूप-दुधावर मुलं वाढवा.

अप्पांचा हेतू वाईट नव्हता, ते नातीच्या काळजीनेच पाठवतात. पण हा मजकूर ज्याने लिहिला त्याला माझ्या भाचीच्या वजनाशी काही देणंघेणं नाही.

हार्मोनचा मुद्दा आधी घेते, कारण मुलगी असलेल्या आईला घाबरवायला तेवढं एक वाक्य पुरतं. मेसेज लिहिणाऱ्याला अंड्याची कोंबडी आणि मांसाची कोंबडी वेगळी असते एवढंही माहीत नाही. अंड्यासाठी पाळतात ती लेयर. ती अंगाने जेमतेम दीड किलोची असते आणि तशीच राहिलेली पोल्ट्रीवाल्याला हवी असते, कारण वाढलेल्या अंगाला खाद्य जास्त लागतं. तिला वाढीचं इंजेक्शन कोण कशासाठी देईल? झपाट्याने वाढते ती ब्रॉयलर, आणि तिच्या वाढीचं कारण इंजेक्शन नाही, वाण आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात हे नीट तपासलं गेलं. तिथे १९५७ आणि १९७८ सालचे कोंबड्यांचे वाण जसेच्या तसे राखून ठेवलेले आहेत. संशोधकांनी ते दोन आणि २००५ सालचा व्यावसायिक ब्रॉयलर असे तिन्ही एकाच पद्धतीने वाढवले, तिघांना खाद्यही तेच. छप्पन दिवसांनी वजनं केली. १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १,८०८ ग्रॅम आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. 'पोल्ट्री सायन्स' या नियतकालिकात २०१४ साली हे छापून आलं. औषध, इंजेक्शन, हार्मोन काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या जास्त वाढणारे पक्षी निवडून त्यांचीच पैदास केली, त्याचा हा परिणाम.

आता व्यवहार बघा. आपल्याकडचे बरेच ब्रॉयलर शेतकरी करारावर काम करतात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत शेतकऱ्याची, मोबदला किलोमागे मोजून. एका शेडमध्ये पाच-पाच हजार पक्षी. वाढीचं हार्मोन लागू पडायचं तर ते पुन्हा पुन्हा टोचावं लागतं. पाच हजार पक्षी रोज पकडून टोचणार कोण, आणि त्या सुयांचा खर्च कोंबडीच्या किमतीत बसणार कसा? शिवाय वाढीचं हार्मोन हे प्रथिन आहे, पोटात गेलं की पचून जातं. इन्सुलिनचंही तसंच आहे, म्हणून तर मधुमेही माणसाला ते गिळता येत नाही, टोचून घ्यावं लागतं. अप्पा स्वतः रोज सकाळी टोचून घेतात, त्यांना हे समजावायला मला दोन मिनिटं लागली.

यात एक गोष्ट मान्य करायला हवी. हार्मोनची भीती खोटी असली तरी अँटिबायोटिकची खरी आहे. पोल्ट्रीत ती गरजेपेक्षा जास्त वापरली जात आली आहेत. कोलिस्टिन हे माणसाच्या उपचारातलं अगदी शेवटचं हत्यार. ते कोंबड्यांना सर्रास दिलं जात होतं, आणि २०१९ साली केंद्र सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. पण त्यावरचा उपाय चिकन नीट शिजवणं, कच्चं मांस कापायची फळी-सुरी वेगळी ठेवणं आणि औषधांच्या वापरावर सरकारने नजर ठेवणं हा आहे. मुलीच्या डब्यातलं उकडलेलं अंडं काढून घेणं हा नव्हे.

नकली, प्लॅस्टिकच्या अंड्यांवर फार बोलण्यात अर्थ नाही. कवचाच्या आतला पापुद्रा प्रत्येक अंड्याला असतो, तोच लोकांना प्लॅस्टिक वाटतो, आणि प्लॅस्टिकची अंडी सापडल्याचा पुरावा नाही हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने स्वतःच सांगून झालं आहे. सात रुपयांच्या वस्तूची एवढी हुबेहूब नक्कल करून कुणाला काय सुटणार?

तपकिरी म्हणजे गावरान हा समज मात्र खिसा कापतो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. व्हाइट लेगहॉर्न पांढरं अंडं देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी देते, आणि दोघीही पिंजऱ्यात ठेवता येतात. बलकाचा केशरी रंगही खाद्यातल्या मक्यावर, झेंडूच्या अर्कावर वाढवता येतो. दुकानात बारा महिने एका मापाची, एका रंगाची तपकिरी अंडी ट्रेवर ट्रे रचून ठेवलेली असतील, तर ती उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीची नाहीत हे नक्की समजा. खरी गावरान अंडी विकणाऱ्या बाईकडे एका वेळी वीस-तीस अंडी असतात, कोंड्यात किंवा भुश्शात ठेवलेली, लहान-मोठी, काही पांढुरकी, काही बदामी. आणि मध्येच ती म्हणते, "या आठवड्यात नाहीत, कोंबड्या खुडूक बसल्यात." हे वाक्य ऐकलं की माझा विश्वास बसतो. लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. परसातली देशी कोंबडी साठ-सत्तर देते, मधे खुडूक बसते, पिल्लं फिरवते. गावरान अंडं पंधरा रुपयांना का, याचं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे.

पिंजऱ्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. खरं तर अर्ध्यापेक्षा जास्त खरा, आणि तो या मेसेजमध्ये असा वापरला जावा याचा मला राग आहे. पिंजऱ्यातल्या लेयर कोंबडीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. तिला पंख पसरता येत नाहीत, धुळीत अंग घुसळता येत नाही, अंडं घालायला आडोसा मिळत नाही. पायाखाली कायम तार. आमच्या आजीकडे संध्याकाळी कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या आणि सकाळी डालगं उचललं की त्या थेट राखेच्या ढिगाकडे पळायच्या. त्या राखेत लोळण्याला कोंबडीच्या आयुष्यात किती जागा असते हे पाहिलेल्या माणसाला पिंजऱ्याची शेड पाहवत नाही. आपल्या कायद्यातही हे बसत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम सांगतं की हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं ही क्रूरता आहे. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये याच विषयावर आपला २६९ वा अहवाल दिला, कोंबड्यांसाठी नियमांचा मसुदा दिला, आणि पिंजरामुक्त अंड्यांना वेगळं प्रमाणपत्र देण्याची शिफारस केली. तशी ओळख नीट रुजली असती तर माझ्या बहिणीला कवचाच्या रंगावरून अंदाज बांधावा लागला नसता. हे काम सरकारचं आणि उद्योगाचं आहे. त्याचा दोष महिन्याला बारा-तेराशे रुपयांत मुलीच्या पोटात प्रथिनं घालू पाहणाऱ्या आईच्या डोक्यावर मारायचा नाही.

आणि "परवडत नसेल तर बंद करा" हा सल्ला खोटा तर आहेच, क्रूरही आहे. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचा निधी थांबवला. म्हणजे आता भाचीसारख्या मुलांना अंडं मिळायचं तर बहुतेक ते घरातूनच. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय बी-बारा जीवनसत्त्व, जे डाळ-भाकरीत जवळपास नसतंच.

त्या दुपारी बहिणीबरोबर बसून वहीत हिशेब मांडला. तिचा जुना खर्च असा: दर रविवारी एक किलो ब्रॉयलर, २२० रुपयांप्रमाणे महिन्याचे ८८०. आठवड्याला चौदा पांढरी अंडी, सात रुपयांप्रमाणे महिन्याचे ३९२. एकूण १,२७२. आता तिने चिकन दोनच रविवारी आणायचं ठरवलं, ४४०. आठवडी बाजारातल्या बाईकडून महिन्याला चाळीस गावरान अंडी, पंधरा रुपयांप्रमाणे ६००. एकूण १,०४०. उरले २३२. तेवढ्यात दोन-सव्वादोन किलो मटकी किंवा हरभरे येतात. दोन किलो चिकन आणि सोळा अंडी कमी झाल्याने घरातली साधारण चारशे ग्रॅम प्रथिनं गेली, ती या कडधान्यांतून जवळपास भरून निघतात. चाळीस अंड्यांतली तीस भाचीची, बाकीची मोठ्यांनी वाटून घ्यायची.

हे काही नवीन खाणं नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं, शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी हे आमच्या आईच्या हातचंच जेवण. दर रविवारी कोंबडी ही आमच्या घरात ब्रॉयलर स्वस्त झाल्यावरची सवय. त्याआधी कोंबडी कापायची ती पाहुणा आला की, आणि एका कोंबडीच्या रश्शावर दहा माणसं भाकरी चुरून जेवायची. महिन्यातून एकदाच आणायची असेल तर गावरान कोंबडी आणा असं मी बहिणीला सुचवलं. मांस कमी आणि चिवट, शिट्ट्या जास्त लागतात, पण रस्सा दोन वेळा पुरतो. ती म्हणाली, "बघू, गॅस पण लागतो ना." तेही बरोबरच आहे, मी पुढे काही बोलले नाही.

राहिलं ए-टू तूप. ए-वन आणि ए-टू हा फरक दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनातला आहे. तूप म्हणजे जवळजवळ शुद्ध स्निग्धांश, त्यात प्रथिन उरतच नाही. मग तुपावर ए-टू लिहून जादा पैसे कशाचे घेतात? असे दावे पाकिटांवरून काढा असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं होतं, आणि काहीच दिवसांत ते मागे घेतलं. त्यामुळे दावे आजही छापले जातात. तूप खायला माझी हरकत नाही, पण अंड्याची जागा ते घेऊ शकत नाही.

बाजारातल्या बाईकडे अंडी नसतील त्या आठवड्यात काय करायचं, हे बहिणीने विचारलंच. मी सांगितलं, पांढरी आण, आणि मनात काही ठेवू नकोस. पिंजऱ्यातल्या कोंबडीसाठी बोलायचं ते मी बोलेन, तुझ्या मुलीचं अंडं चुकवू नकोस.

परवा तिचा फोन आला. पावसामुळे बाजार नीट भरला नव्हता, बाईकडे सहाच अंडी होती, बाकीची तिने किराणा दुकानातून पांढरी घेतली. अप्पांनी ग्रुपवर आणखी एक मेसेज टाकला आहे, या वेळी बांगड्याबद्दल. तो तिने अजून उघडलेला नाही, आधी मला पाठवला.