वूफर पाठवताना एवढं पॅकिंग कशाला? या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, प्रतिक्रिया नीट वाचली, आणि एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून थँक्यू. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात परत मांडतो. दोन थर बबल रॅप आणि कंपनीचा खोका एवढ्यात तुमचे वूफर, म्हणजे बासचे जड स्पीकर, आजवर व्यवस्थित पोचलेत, मी आधीच्या सल्ल्यात प्लाय (प्लायवूड), फोम, मोठा खोका सांगून पोरांचा खर्च आणि कुरियरचं बिल दोन्ही वाढवतोय, वूफर त्याच्या लाकडी स्पीकर-बॉक्समध्ये फिट असतानाच पाठवला तर तोच सगळ्यात सेफ, आणि वरून फ्रॅजाइलचा स्टिकर लावला की झालं. शेवटी विचारलंत की १५ इंची दोन वूफर नागपूरला पाठवायचेत, ते कसे पाठवू. सगळ्याला उत्तर देतो, थोडं लांबेल.

आधी मॅग्नेटचं बोलू, कारण सगळं तिथेच अडतं. आपण पॅकिंग करताना कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, वाचवायला बघतो, कारण तो समोर दिसतो, त्याला भोक पडेल, सराउंड (कोनच्या कडेची लवचिक रिंग) फाटेल याची भीती वाटते. पण कोन, कॉइल (कोनला जोडलेलं तारेचं वेटोळं), स्पायडर (कॉइल मधोमध धरणारी लवचिक चकती) हे सगळं मिळून वूफरच्या वजनातला लहानसा भाग असतो, खरं वजन मागे, मॅग्नेट आणि त्याच्या लोखंडी प्लेट्समध्ये. १२ इंची चांगला वूफर १०-१५ किलोचा, त्यावरचे मोठे २५-३० किलोच्या पुढे जातात, आणि हा मॅग्नेट बहुतेक वूफरमध्ये फेराइटचा, म्हणजे सिरॅमिकच की, लोखंडासारखा चिवट नाही, आपटला की टवका उडतो. दोन लोखंडी प्लेट्सच्या मध्ये तो नुसता चिकटवलेला असतो. त्याच्या आतल्या फटीत कॉइल फिरते आणि कॉइलच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा किती, तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहूनही कमी. आडवा झटका बसून मॅग्नेट तेवढा सरकला की कॉइल घासायला लागते, आणि वूफर बाहेरून अगदी नवा दिसतो.

हे मी बेंचवर बघितलंय म्हणून एवढा जोर देतोय. एक १५ इंची आला होता, खोक्याचा कोपरासुद्धा दबलेला नव्हता, कोनवर ओरखडा नाही, ओहम (कॉइलचा रेझिस्टन्स) बरोबर, आणि कोन दाबला की खर्र. ज्याने मागवला होता तो कॉलेजचा पोरगा, पैसे साठवून सेकंडहँड घेतलेला. कोन फाटला असता तर रीकोन करून, म्हणजे नवा कोन बसवून दिला असता, कॉइल जळली असती तर कॉइल टाकली असती, पण सरकलेला मॅग्नेट परत सेंटरला आणायचा तर डिस्चार्ज करून, म्हणजे त्याचं चुंबकत्व उतरवून, नव्याने चिकटवून, परत चार्ज करावा लागतो, ते काम साध्या रिपेरिंगच्या दुकानात होत नाही. तो वूफर भंगारातच गेला. आणि पाठवणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की माल तर आपण चांगला पाठवला होता, पोरानेच जास्त पॉवर देऊन उडवला असेल. म्हणून विचारतो, तुमचे वूफर व्यवस्थित पोचले म्हणजे नक्की काय, समोरच्याने कोन दाबून बघितला होता का, की खोका फुटला नाही एवढंच कळवलं?

आता बबल रॅप. हलक्या वस्तूला तो छानच आहे, पण १५ किलोचा मॅग्नेट १७-१८ सेंटिमीटरच्या गोल प्लेटवर टेकतो, तेवढ्या वजनाखाली बबल आधीच दबलेले असतात आणि पहिल्या आपटण्यात फुटतात, मग दुसऱ्या आपटण्याला काहीच उरत नाही. हिशोब सोपा आहे. ६० सेंटिमीटरवरून पडलेली वस्तू अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबली तर तिच्यावर सरासरी वजनाच्या १२० पट जोर येतो, तीच ३ सेंटिमीटरमध्ये थांबली तर २० पट. १० किलोच्या मॅग्नेटला हा फरक १२०० किलो आणि २०० किलोचा. पॅकिंगचं काम वस्तू गुंडाळायचं नाही, थांबायला अंतर द्यायचं आहे. फोम पूर्ण जाडीएवढा दबत नाही, साधारण निम्मा दबतो आणि मग दगड होतो, म्हणून ३ सेंटिमीटर थांबायला हवेत तर ५-६ सेंटिमीटर फोम लागतो, आणि तो सहाही बाजूंनी. ईपीई घ्या, तो पांढरा लवचिक फोम, दाबला की परत फुगतो. थर्माकोल पहिला मार चांगला सोसतो पण तिथे कायमचा चेपतो. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत पॅकिंगचं सामान मिळतं, जाड शीट मागा. थर्माकोलचे मणी किंवा कागदाची कात्रणं मात्र टाकू नका, जड वस्तू त्यातून हळूहळू खाली सरकते आणि तळाला जाऊन बसते, वर ते मणी मॅग्नेटच्या मागच्या व्हेंटमधून (हवेच्या भोकातून) आत शिरतात. व्हेंटवर कागद ठेवून टेप लावाच.

कंपनीच्या खोक्याबद्दल तुमचं बरोबर आहे, ओरिजिनल खोका ओरिजिनल साच्यांसकट असेल तर त्याच्यापेक्षा चांगलं काही नाही, कारण ते साचे त्याच वूफरच्या मापाने बनवलेले असतात. पण बहुतेकांकडे खोका असतो आणि साचे टाकून दिलेले असतात, किंवा असतात ते एकदा मार खाऊन चेपलेले. शिवाय कंपनीचा माल बऱ्याचदा पॅलेटवर रचून, फिल्म गुंडाळून निघतो, फोर्कलिफ्टने चढतो उतरतो. तुमचा एकटा खोका कुरियरच्या हबमध्ये बेल्टवरून जातो, हाताने फेकला जातो, त्याच्यावर दुसरे खोके पडतात. ही दोन वेगळी आयुष्यं आहेत. आणि जुना खोका पावसाळ्यात दमट गोदामात राहिलेला असेल तर पुठ्ठ्याची ताकद गेलेली असते, दिसायला तो ठीकच दिसतो.

पार्सलच्या टेस्टचे आकडे बघा म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल. पॅकेजिंगच्या इस्टा संस्थेची १ए नावाची टेस्ट आहे, त्यात पार्सल दहा वेळा पाडतात, एकदा कोपऱ्यावर, तीन वेळा कडांवर, सहा वेळा सपाट बाजूंवर. उंची वजनाप्रमाणे बदलते, साधारण १० ते १९ किलोला ६१ सेंटिमीटर, १९ ते २८ किलोला ४६, त्याच्या पुढे ४५ किलोपर्यंत ३१. जड पार्सल माणूस उंचावरून फेकूच शकत नाही, म्हणून उंची कमी. म्हणजे वूफरच्या वजनांत सगळ्यात वाईट हाल कुणाचे, तर १०-१९ किलोवाल्यांचे, एकटा माणूस उचलूही शकतो आणि भिरकावूही शकतो, आणि आपले बहुतेक १२ इंची नेमके त्याच वजनात येतात!

आता खर्च, कारण तुमची खरी तक्रार तीच आहे आणि ती रास्त आहे, पोरांकडे पैसे नसतात. पण मोठ्या खोक्याने बिल वाढतं हे वूफरच्या बाबतीत सहसा खरं नाही. कुरियरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ५००० ने भागतात आणि ते वजन किंवा काट्यावरचं वजन, जे जास्त ते लावतात. ४५ बाय ४५ बाय ४० चा खोका घ्या, ८१००० भागिले ५०००, म्हणजे १६.२ किलो. आत पॅकिंगसकट २० किलोचा वूफर असेल तर बिल २० चंच लागणार, खोका एवढा मोठा असूनसुद्धा. भागायचा आकडा बुकिंगच्या आधी विचारून घ्या, पण ही जागा तुम्ही आधीच विकत घेतलेली आहे, तिथे हवा पाठवण्यापेक्षा फोम पाठवा. प्लाय तर सुताराकडे कटिंगचे तुकडे पडलेले असतात, त्यातला मागून घ्यायचा.

बॉक्समध्ये फिट ठेवून पाठवायच्या सल्ल्याला मात्र माझा सरळ विरोध आहे. हलका वूफर असेल, कंपनीने बॉक्ससकट विकलेला, तर चालतं. पण जड मॅग्नेट बॉक्सच्या आत नुसता बास्केटच्या, म्हणजे वूफरच्या धातूच्या सांगाड्याच्या, आधाराने लटकलेला असतो. गाडीत बसवलेला असताना त्याला तेवढा मार कधी बसत नाही, ट्रकमध्ये बसतो. बॉक्स आडवा पडला की तो सगळा भार बास्केटच्या पायांवर येतो, पत्र्याचा बास्केट वाकतो, अ‍ॅल्युमिनियमचा तडकतो, नाहीतर बॉक्सच्या एमडीएफच्या फळीतले स्क्रू उपटून वूफर आतल्या आत सुटतो आणि मग तो बॉक्सही फोडतो. वूफर काढा, बॉक्स वेगळा पाठवा, किंवा समोरच्याला त्याच्या गावात बनवून घेऊ द्या.

स्टिकरबद्दल एवढंच, रात्री ट्रक भरणाऱ्याला आधी वजन कळतं, स्टिकर नंतर दिसला तर दिसला. त्यापेक्षा चारी बाजूंना मोठ्या आकड्यात वजन लिहा, २४ किलो, दोघांनी उचला, आणि खोक्याला स्ट्रॅपिंगची पट्टी मारून दोरीची मूठ करून द्या. हमालाच्या हातात धरायला काही नसलं की जड खोका निसटतोच, त्यात त्याचा दोष नाही आणि त्याची पाठ पण जाते.

आता तुमचे नागपूरचे दोन. एका खोक्यात दोन्ही अजिबात टाकू नका, दोन वेगळी पार्सल करा. प्रत्येकाला १२ एमएमच्या प्लायचे दोन चौकोन. पहिल्याला मधून गोल कापा आणि वूफर त्याच्या स्वतःच्या सगळ्या होलमधून नट-बोल्टने त्यावर बसवा, सराउंड प्लायला कुठेही टेकता कामा नये, त्याच्यावर पुठ्ठ्याचं झाकण. दुसरा प्लाय मॅग्नेटच्या मागे, त्याला मॅग्नेटच्या भोवती चार लाकडी गुटके ठोका म्हणजे मॅग्नेट कुठल्याच बाजूला जाणार नाही, आणि चार कोपऱ्यांतून थ्रेडेड रॉड (आट्यांच्या सळया) टाकून दोन्ही प्लाय जोडा, नट हलत नाहीत एवढेच आवळा. पिशवीत घालून तोंड बंद करा, मग सहाही बाजूंनी ईपीई, बाहेर ७ प्लायचा, म्हणजे सात थरांच्या पुठ्ठ्याचा, नवा खोका. हलवून बघा, आत काहीही हललं तर उघडून परत भरा.

बांधायच्या आधी टर्मिनलना (वायर जोडायच्या दोन टोकांना) वायरचा तुकडा लावून शॉर्ट करा, ड्युअल कॉइल असेल तर दोन्ही. कोन हलायला लागला की कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि तोच कोनला ब्रेक लावतो, रस्त्यातली थरथर कमी होते. ओहमचा फोटो काढा, कोन दोन्ही हातांनी सारखा दाबून आवाज येत नाही त्याचा व्हिडिओ काढा, मित्राला पाठवून ठेवा.

विमानाने पाठवू नका, मोठ्या मॅग्नेटला तिथे वेगळे नियम लागतात आणि पार्सल अडकतं. ट्रान्सपोर्टने पाठवलंत तर बिल्टीवर पूर्ण किंमत लिहा, आणि जास्त जबाबदारीचा रेट काय आहे ते विचारा. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत ट्रान्सपोर्टरची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच ठेवलीये, जास्तीचा रेट भरला नसेल तर ६०० रुपये भाड्यावर ६००० च्या वर मिळायचं नाही, वूफर मग कितीचाही असो.

नागपूरच्या मित्राला सांगा, उघडताना व्हिडिओ काढायचा, आधी कोन दाबून बघायचा, मग ओहम, आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडायच्या आधी टर्मिनलवरची वायर आठवणीने काढायची. काय रीडिंग येतं ते इथेच खाली लिहा.