बसायची सोय

जर्मन शाळेत शिक्षकांच्या खोलीत एकाही खुर्चीवर नाव लिहिलेलं नसतं. गरजच नसते. कुठली खुर्ची कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि माणूस रिटायर होईपर्यंत त्यात बदल होत नाही. भूगोलाच्या बाई महिनाभर आजारी असल्या तरी त्यांची खुर्ची त्यांचीच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी जर्मनच्या चारही विभक्त्या घोकल्या होत्या; रिकामी दिसणारी खुर्ची रिकामी नसते, हे मात्र तिथे कुणी शिकवलं नाही. टेकायला गेलं की कुणीतरी अत्यंत नम्रपणे सांगायचं, "इथे अमुक सर बसतात." अमुक सर कुठे आहेत? सहलीला, इटलीत. गुरुवारी येतील.

थुरिंगियातल्या त्या छोट्या गावी मी इंग्रजीची सहायक म्हणून गेले होते. पहिल्या आठवड्यात कॉफी उभ्यानेच प्यायले, तीही स्वतःच्या मगातून, कारण कपाटातल्या प्रत्येक मगाला मालक होता. झेरॉक्स मशीनला कोड लागायचा. कोड ऑफिसातून मिळायचा. आणि सहायकाला कोड द्यायचा की नाही, यावर ऑफिसात विचार चालू होता. मी होते तोवर तो चालूच राहिला.

शेवटी एक बिनमालकाची खुर्ची सापडली. खिडकीखाली, छान उजेडात. इतकी चांगली जागा आजवर कुणी कशी बळकावली नाही, याचा उलगडा नोव्हेंबरात झाला. कोंडलेल्या हवेवर जर्मन माणसाचा भयंकर राग. प्रत्येक सुट्टीत कुणीतरी यायचं आणि माझ्या डोक्यावरची खिडकी सताड उघडायचं. बाहेर उणे चार असो की उणे दहा, पाच मिनिटं ताजी हवा आत आलीच पाहिजे. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि त्यावर अपील नाही. माझ्या भाड्याच्या खोलीच्या करारातसुद्धा दिवसातून किती वेळा खिडक्या उघडायच्या, हे कलम होतं. मी मफलर, टोपी, कोट अशा जामानिम्यात बसून राहायची. उठले आणि दुसरं कुणी बसलं तर?

कामाचं म्हणाल तर आठवड्याला १२ तास, तोही तास ४५ मिनिटांचा. मार्क द्यायचे नाहीत, एकटीने वर्ग घ्यायचा नाही, रागवायचं तर मुळीच नाही. लग्नघरातल्या लांबच्या पाहुणीसारखी मी सगळीकडे हजर असायची आणि कशालाच जबाबदार नसायची. करायचं एवढंच, की इंग्रजी बोलायचं. बाई म्हणायच्या, "हिला हवं ते विचारा," की अख्खा वर्ग वहीत डोकं घालायचा. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं ही मुलं बहुतेक पाळण्यातच ठरवून टाकतात.

अपवाद एकच. नववीतला, शेवटच्या बाकावरचा. अस्सल अमेरिकन उच्चारात फाडफाड बोलायचा. हे सगळं त्याने रात्र रात्र व्हिडिओ गेम खेळून कमावलेलं, त्यामुळे त्यातलं निम्मं वर्गात उच्चारण्याजोगं नव्हतं. त्याचं वाक्य संपलं की बाई माझ्याकडे वळून विचारायच्या, "हे बरोबर आहे का?" आता काय सांगणार? व्याकरण अगदी बिनचूक असायचं हो.

सहावीच्या पुस्तकात मुंबईवर एक धडा निघाला तेव्हा मात्र मला एकदम भाव आला. धड्यात लोकल, डबेवाले आणि एक हत्ती होता. हत्ती चर्चगेटला उतरला की दादरला, ते पुस्तकात नव्हतं. एका मुलीने हात वर करून काळजीने विचारलं, "तुमच्याकडच्या गाड्या उशिरा येतात का?" ही स्वतः रोज आगगाडीने शाळेत यायची आणि निम्मा पहिला तास संपल्यावर वर्गात शिरायची.

जानेवारीअखेर सहामाही निकाल लागले. तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम, ६ म्हणजे बोंब. आमच्या गेमवाल्याला इंग्रजीत १ मिळाला. पठ्ठ्या सुट्टीत खास मला सांगायला आला, तेही खिडकी उघडी असताना. मलाही उगाचच भरून आलं. संध्याकाळी कौतुकाने आईला फोन केला, "अगं, माझ्या वर्गातल्या मुलाला इंग्रजीत एक मिळाला!"

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "शंभरात? बाई गं! मग तू तिथे करतेस तरी काय?"