टॅक्स भरून गाडी विकणारी बाई वेडी असते का?

आज दुपारी एका गृहस्थांनी मला चक्क वेड्यात काढलं. माझ्याच ओट्यावर बसून, माझ्याच घरचं ताक पिऊन.

आमची २०११ची पेट्रोल गाडी विकायला काढलीय, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. यंदा तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली. म्हणजे आरसीची, गाडीच्या नोंदणीची, मुदत संपली. आता पुढे रस्त्यावर चालवायची तर पर्यावरण कराचा टॅक्स भरा, आरटीओत गाडी नेऊन दाखवा, पासिंग म्हणजे नोंदणी वाढवून घ्या, मग पुढची पाच वर्षं बघायला नको. मी त्यांना एवढंच म्हटलं, "दादा, हे सगळं आम्ही करून देतो, त्याचे पैसे किमतीत धरलेत. पण गाडी तुमच्या नावावर चढल्याशिवाय किल्ली मिळणार नाही."

तर ते हसले. "ताई, टॅक्सनं सोडा. आठे कोन दखस?" पुढे म्हणाले, पाचशेचा स्टॅम्प आणतो, दोन साक्षीदार आणतो, वीस हजार कमी करा, संध्याकाळी गाडी घेऊन जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला आणायचंय, त्याच्या आत गाडी हवी.

आठे कोन दखस! 'इथे कोण बघतंय', आपल्या खानदेशात हे वाक्य लोक किती अभिमानाने म्हणतात.

बरं, ते परके होते. पण नंतर घरातलेही त्यांच्याच बाजूने! ह्यांचे मित्र म्हणाले, वहिनी, विकायचीच आहे तर तुम्ही कशाला खर्चात पडता, घेणारा बघेल. नणंदेच्या मिस्टरांनी फोनवर ऐकवलं की पंधरा वर्षांच्या डब्यावर कोणी पैसे घालतं का. समोरचे काका म्हणाले, आमची सुमो आम्ही स्टॅम्पवरच दिली, काही झालं नाही. काका, तुम्हाला अजून काही झालं नाही. एवढंच म्हणते.

मला एक सांगा. शेत विकायला काढलं की सोसायटीचं कर्ज आपण आधी फेडतो ना? सातबाऱ्यावरचा बोजा उतरल्याशिवाय घेणारा इसाराला तरी हात लावतो का? तेव्हा कोणी म्हणत नाही की आठे कोन दखस. मग गाडीच्याच बाबतीत आपली सगळी अक्कल कुठे चरायला जाते?

मी एवढी का चिडते, हे माझ्या दादाची जीप आठवणाऱ्यांना कळेल. बाकीच्यांसाठी सांगते.

दादाची १९९८ची जीप. अख्ख्या गावाने वापरलेली. लग्नाचं वऱ्हाड, बाळंतीण, कापसाची गाठोडी, सगळं तिच्यात. २०१३ साली तिचं पासिंग संपलं. दादाने तेव्हाच ठरवलं होतं की आता विकायची, मग कशाला पैसे घालायचे. बरोबर आजच्या ह्या लोकांसारखंच. २०१४ साली एका दलालाने गिऱ्हाईक आणलं. टॅक्स बाकी आणि आरसीची मुदत संपलेली, त्यामुळे गाडी नावावर करायचा रस्ताच बंद. मग काय? शंभराचा स्टॅम्प. "आजपासून सदर वाहनाची सर्व जबाबदारी घेणाराची राहील." खाली सह्या, अंगठा, दोन साक्षीदार, चहा, पेढे. आई तेव्हा दारातून म्हणाली होती, "आधी कागद पक्का करी ले, मंग किल्ली दे." पण आईचं ऐकतो कोण? कागद झालाच आहे की, असं म्हणून दादाने किल्ली दिली.

मधला दुवा लोकांच्या लक्षातच येत नाही. टॅक्सची बाकी ही नुसती दोन-चार हजारांची बाकी नसते. ती भरली नाही म्हणून पासिंग होत नाही, पासिंग नाही म्हणून नाव बदलत नाही, आणि नाव बदलत नाही म्हणून स्टॅम्प येतो. स्टॅम्पवर तुम्ही काय वाट्टेल ते लिहा, सरकारच्या पुस्तकात मालक तुम्हीच. आता शंभराचा स्टॅम्प बंद होऊन पाचशेचा झालाय, म्हणून काही तो पाचपट पक्का झालेला नाही!

दादाची जीप पुढे अजून दोघांकडे गेली. तशीच, स्टॅम्पवर. प्रत्येकाने तेच केलं, मी कशाला भरू, पुढचा बघेल. २०१७ साली पारोळ्याच्या अलीकडे हायवेवर त्या जीपने एका मोटारसायकलवाल्याला उडवलं. माणूस वाचला, पण पाय गेला. जीपला विमा नव्हता. कोण काढणार, कागदच कोणाच्या नावावर नाहीत! समन्स कोणाला आलं? माझ्या दादाला. ज्याने ती जीप तीन वर्षं डोळ्यानेसुद्धा बघितली नव्हती.

ते वर्ष बोंडअळीचं. शेतात काही उरलं नव्हतं आणि घरात कोर्टाचा कागद. दादा तो स्टॅम्प प्लास्टिकच्या पिशवीत घालून वकिलांकडे घेऊन गेला, जपून ठेवलेला ना. वकिलांनी वाचला, घडी घालून परत दिला.

केस चालू असतानाच फेब्रुवारी २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. वकिलांनीच आम्हाला समजावून सांगितला. त्यातही हेच. गाडी एकाने दुसऱ्याला विकली, त्याने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, आरसीवर नाव पहिल्याचंच, आणि मग अपघात. कोर्टाने सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. ज्याचा पाय गेला त्याने गाडी कोणाकोणाच्या हातातून फिरली हे शोधत का बसावं? आणि मनातून सांगायचं तर मला तो निकाल पटतो. दादासाठी जीव तुटला तरी पटतो. तो मोटारसायकलवाला कोणाकडे गेला असता?

म्हणून मला आज राग आला. ते गृहस्थ वाईट नव्हते हो. साधे होते. कपड्यांवरून कळत होतं की पैसे जमवून जमवून आणलेत. लेकीला बसने आणायला नको, ऊन मरणाचं, नातू लहान, एवढंच त्यांच्या डोक्यात. त्यांना गाडी हवी होती, कायद्याचा क्लास नको होता. मी जरा जास्तच बोलले असेन. पण मी म्हटलं ते त्यांच्याच भल्याचं होतं. उद्या ती गाडी घेऊन ते रस्त्यावर निघाले आणि कोणी अडवलं, तर मुदत संपलेल्या आरसीवर चालवल्याचा दंड पाच हजारांपर्यंत. पुन्हा सापडले तर दहा हजारांपर्यंत. वीस हजार वाचवायला निघालेल्या माणसाने हा हिशोब केला का? विमा कंपनीकडे गेले तर तिथेही नाव माझं. लेक आणि नातू मागच्या सीटवर!

आता तुम्ही म्हणाल, सरकारनेच लुटायचं ठरवलं तर गरिबाने काय करायचं. मान्य. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांच्या कारच्या नव्याने नोंदणीची फी सहाशेची एकदम पाच हजार झाली. उशीर झाला की महिन्याला पाचशे वर. वीस वर्षांच्या पुढच्या कारला तर २०२५मध्ये दहा हजार केली. त्यावर पर्यावरण कर वेगळा, पीयूसी वेगळी, विमा वेगळा, ती नवी नंबरप्लेट बसवा ते वेगळं, आणि एजंटचा चहापाणी वेगळा. पन्नास-साठ हजारांच्या गाडीवर हे ओझं जड आहे, नाही कुठे म्हणते मी. पण ओझं जड आहे म्हणून ते गुपचूप दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून पळायचं? भंगारात द्यायची तर रीतसर भंगारात द्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. चालवायला देणार असाल तर चालवण्यासारखी करून द्या. मधलं काही नाही.

आणि हा सगळा धंदा ज्यांच्या जिवावर चालतो ते दलाल! यांच्याबद्दल मी हळू बोलणार नाही. ग्रुपवर जाहिराती बघा. "टायर नवीन, एसी चिल्ड, एक हाती गाडी, जशी आहे तशी." ही 'जशी आहे तशी' म्हणजे काय ते विचारलं की म्हणतात, फक्त थोडं पासिंगचं काम आहे, होऊन जाईल. कोण करणार? तुम्ही. किती लागतील? बघू. दादाच्या दलालानेही हेच सांगितलं होतं, महिन्याभरात नाव लावून देतो. दोन्ही बाजूंकडून कमिशन घेतलं आणि गेला. समन्स आल्यावर दादा त्याच्या दुकानावर गेला तर तिथे मोबाईल रिचार्जचं दुकान झालेलं.

सुरतच्या गाड्यांचं तर विचारूच नका. आपल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी उधन्याला नाहीतर लिंबायतला आहे. तिकडून स्वस्तात गाडी येते, जीजे पाच नंबरची, आणि वर्षानुवर्षं इथे तशीच पळते. नियमाने बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली तर तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून इथला टॅक्स भरावा लागतो, इथला नंबर घ्यावा लागतो. ते कोणी करत नाही, आणि मग तीच गाडी तशीच पुढे विकतात. घेणाऱ्याला वाटतं सुरतची गाडी म्हणजे टकाटक. बाकी किती ते नंतर कळतं.

जुन्या मालवाहू पिकअपवाल्यांचं दुखणं अजून वेगळं, त्यांना टॅक्स वर्षानुवर्षं लागत आलाय आणि थकला की महिन्याला दोन टक्के व्याज. शेजारच्या एकाची पिकअप इंजिन बसल्यामुळे कित्येक महिने खळ्यात उभी होती. त्याला कोणी सांगितलंच नाही की गाडी वापरत नसाल तर तसं आरटीओला आधी लेखी कळवायचं असतं, मग त्या काळाचा टॅक्स लागत नाही. आता विकायला काढलीय तर बाकी बघून गिऱ्हाईक पळतं. त्याची मात्र मला खरंच कीव येते. त्याने कोणाला फसवलं नाही, त्याला माहीतच नव्हतं.

पण माहीत असून जे करतात त्यांचं काय? शिकलेले, नोकरीवाले, माझ्याच स्टाफरूममधले लोक! मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचं आणि गाडी विकताना "आठे कोन दखस"? एका सरांनी मला आज संध्याकाळी मेसेज केला की मॅडम, तुम्ही फार आदर्शवादी आहात. अहो सर, आदर्श कसला? मला कोर्टाची भीती वाटते. दादाला तारखेच्या आदल्या रात्री झोप यायची नाही, ते मी बघितलंय. वहिनीने शेवटी माहेरच्यांकडून उसने आणून भरपाईचे पैसे भरले आणि आजही घरात जीप हा शब्द कोणी काढत नाही. समोरच्या काकांची सुमो कुठे आहे आज, काकांना ठाऊक आहे का?

असो. राग थोडा उतरला. त्या गृहस्थांना रात्री फोन केला. म्हटलं, आखाजीला आमची दुसरी गाडी आणि ड्रायव्हर पाठवते, डिझेल तुमचं, लेकीला घेऊन या. ही गाडी आखाजीनंतर, पासिंग झाल्यावर, तुमच्या नावावर करून देते. वीस हजार नाही, पण काही हजार कमी करते. आधी गप्प बसले. मग म्हणाले, विचार करी सांगस. करा विचार. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी चार दिवस थांबेन.

बाकी ज्यांनी इथपर्यंत वाचलंय त्यांच्यासाठी. आजवर तुम्ही विकलेल्या गाड्या आणि मोटारसायकली आठवा, प्रत्येकीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाका. नावाची जी काही अक्षरं दिसतात ती तुमच्या नावाची आहेत का, आरसी कुठवर आहे, विमा आहे की नाही, दोन मिनिटांत कळतं. नाव अजून तुमचंच असेल तर घेणाऱ्याला आजच फोन लावा. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. मुदत गेली असली तरी जा, कळवा. तो फोन उचलत नसेल तर आरटीओत गाडी विकल्याचं कळवायचा एकोणतीस नंबरचा फॉर्म भरा, सोबत स्टॅम्पची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. त्याने सगळं मिटेल असं नाही, पण दादाच्या वकिलाच्या हातात तेवढाही कागद नव्हता.

आणि नणंदेच्या मिस्टरांनो, तुमच्या जुन्या बुलेटचा नंबर मला पाठ आहे. मी टाकून बघितला. फोन करा मला.