'बेसवाले नाय आणले तर चालंल का?'

आज दुपारी सांगलीत विश्रामबागला चहाला बसलो होतो, मी आणि आमच्या बँडचा गायक. बँडमध्ये मी बेस गिटार वाजवतो, जाड तारांची, खालच्या सुरांची. त्याला एका आयोजकाचा फोन आला. गाडीच्या चाव्या हातात होत्या म्हणून त्याने स्पीकरवर टाकला.

"सर, प्रोग्रॅम फायनल हाय. फक्त ते बेसवाले नाय आणले तर चालंल का? मोबाईलवर तुमचा व्हिडिओ बघितला, त्यांचं काय ऐकूच येत नाय. तेवढंच बजेटमध्ये बसतंय."

आणि आमचा गायक म्हणाला, "बघतो."

त्या आयोजकाचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो उद्यापर्यंत जाईल. 'बघतो'चा जाणार नाही. 2001 पासून एकत्र वाजवतोय आम्ही. कॉलेजच्या गॅदरिंगला जमलेल्या पाच पोरांपैकी आता तिघं उरलोत. एक गिटारवाला पुण्याला आयटीत गेला, त्याच्या जागी आलेला दुबईला गेला. कीबोर्डवाला लग्नानंतर सुटला तो सुटलाच, तेव्हापासून कीबोर्डही गायकच सांभाळतो. तो, ड्रमवाला आणि मी, आम्ही कुठंच गेलो नाही. आणि त्या तिघांतल्या एकाला माझ्यासाठी 'नाही चालणार' एवढे दोन शब्द सुचले नाहीत?

आता त्या मोबाईलचं. माझी सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते. तो आवाज यायचा तर स्पीकरला हवा ढकलावी लागते, भरपूर. मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरच्या अंगात ती ताकद नाही. त्यात मी धड ऐकू येणार नाही, कुणीच बेसवाला येणार नाही. म्हणून तो माणूसच वजा करायचा? आणि हीच मंडळी विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेसमोर "बेस वाढव, बेस वाढव" म्हणून नरडं फुटेस्तोवर ओरडतात. छातीत धडधडलेलं पाहिजे, पण ते धडधडवणारा माणूस नको.

कीबोर्डवर डाव्या हाताने बेस वाजवता येतो, मान्य. आयोजकाचे पैसे वाचतात, तेही मान्य. पुढं?

जयसिंगपूरला एका कार्यक्रमात माझी केबल गेली होती. दीड मिनिट असेल, जास्त नाही. कुणालाच कळलं नाही काय गेलं ते. गाणं चालू, गिटार चालू, समोर पोरं नाचत होती तीही नाचतच राहिली. पण त्यांचे पाय चुकायला लागले. मी स्टेजवरून बघत होतो. ड्रमवाल्याचा उजवा पाय आणि माझं बोट एका क्षणाला पडतं तेव्हा समोरच्याचा पाय आपोआप पडतो. केबल बदलली आणि दोन ओळींत सगळे पुन्हा जागेवर आले. आमच्या ड्रमवाल्याने मागून मोठ्यानं "हां!" म्हटलं. तो "हां" मला आजही ऐकू येतो.

तरी दुपारपासून डोक्यात जयसिंगपूर नाही, 2019 चा ऑगस्ट फिरतोय.

ज्यांनी तो पूर बघितला त्यांना वेगळं सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी 57 च्या वर गेलं. आमची प्रॅक्टिसची खोली गावभागात, तळमजल्यावर. मी कुपवाडला कंपनीत अडकलेलो. आमचा गायक एकटा कमरेएवढ्या पाण्यातून आत शिरला. आत त्याचा कीबोर्ड होता, तीनच महिन्यांपूर्वी हप्त्यांवर घेतलेला. ड्रमसेट होता, माझा अ‍ॅम्प होता, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, आणि माझा बेस. एका खेपेत जेवढं निघेल तेवढंच निघणार होतं. त्याने माझा बेस बॅगेसकट डोक्यावर घेतला आणि बाहेर आला.

बाकी सगळं गेलं. पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हा कीबोर्डच्या पट्ट्यांमध्ये गाळ वाळून बसला होता, नखानं काढला तरी निघेना. माझ्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी कोन फुगून लगदा झाला होता. मी त्याला विचारलं, अरे तुझा कीबोर्ड का नाही काढलास? तर म्हणाला, "त्यो परत मिळंल. तुझं हे कुठनं आणणार?" 2003 मध्ये पगार साठवून मुंबईहून सेकंडहँड आणलेला बेस. त्याला माहीत होतं. पुढं दीड वर्ष तो त्या बुडालेल्या कीबोर्डचे हप्ते भरत होता.

तोच माणूस आज "बघतो" म्हणाला.

मोठ्या बँडची उदाहरणं द्यायची म्हटलं तर ढीग आहेत. दिल्लीचा इंडियन ओशन 1990 पासून उभा आहे आणि त्यांचा राहुल राम बेस वाजवतो, गातोही. आयर्लंडचा यू-टू 1976 पासून, बेसवर तोच अ‍ॅडम क्लेटन. पण एवढ्या लांब कशाला जायचं? दहा किलोमीटरवर मिरज आहे. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं मिरज, तिथल्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. माझ्या बेससारख्या तानपुऱ्यालाही चारच तारा. एका तारेची जवारी, म्हणजे तिचा तो घुमणारा नाद, नीट लागावी म्हणून घोडीवर दोरा मागं-पुढं सरकवत बसलेले कारागीर मी तासन् तास बघितलेत. तानपुऱ्याला कुणी टाळी वाजवत नाही. म्हणून मैफलीला "तानपुरेवाले नाय आणले तर चालंल का" असं विचारायची या जिल्ह्यात कुणाची हिंमत आहे का?

आता जरा शांत झालोय. संध्याकाळी तारा उकळल्या. बेसच्या तारांचा सेट महाग पडतो, बोटांचा घाम आणि मळ वेटोळ्यांत बसून आवाज बसका होतो, म्हणून काढून पातेल्यात दहा मिनिटं उकळायच्या. पाणी काळपट होतं. बायकोने त्यासाठी एक पातेलं वेगळंच काढून ठेवलंय, माझ्याशी काही न बोलता. पुसून, वाळवून पुन्हा चढवल्या, तर नव्यासारख्या खणखणल्या.

आणि मग वाटलं, त्याच्याही घरी दोन पोरं शिकतायत. गेल्या चार महिन्यांत हा दुसराच कार्यक्रम. त्याला तो हातचा घालवायचा नसेल. समजतं मला. पण माझ्यासमोर? निदान फोन ठेवल्यावर माझ्याकडं बघायचं तरी. त्याने बघितलं नाही. चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली.

पुरानंतर घेतलेला अ‍ॅम्प आम्ही त्याच्या घरी दुसऱ्या मजल्यावर ठेवतो. पाणी आलं तरी तिथं येणार नाही, असं त्यानेच ठरवलं. भयंकर जड आहे. दोन्ही बाजूंना मुठी आहेत, वळणावर तो खालच्या पायरीवर उभा राहून वजन घेतो आणि मी वरून धरतो. सहा वर्षं झाली, जागा बदललेली नाही.

रविवारी सकाळी दहाला प्रॅक्टिस आहे. मी साडेनऊला त्याच्या दारात असणार. अ‍ॅम्प एकट्यानं उतरत नाही.