मिनरल आहे ना? मग झालं!

परवा आत्याशी माझा वाद झाला. तिला बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, ती बिचारी भाजी अळणी खाते आणि वर रोज एक मोठी बाटली फेसाळणारं मिनरल वॉटर पिते, पोट हलकं वाटतं म्हणे. मी सहज बाटली फिरवून मागचं बारीक अक्षरातलं वाचलं तर सोडियम, म्हणजे मिठातला जो घटक तिला टाळायचाय तोच, लिटरमागे १००० मिलिग्रॅमच्या वर! म्हटलं आत्या हे काय, तर म्हणते "अरे मिनरल आहे ना ते? मग झालं!"

हे "मिनरल आहे ना" डोक्यातनं जायला हवं. आपण दिसेल त्या सीलबंद बाटलीला मिनरल वॉटर म्हणतो, पण खरं मिनरल वॉटर म्हणजे जमिनीखालच्या साठ्यातलं, ज्यात क्षार मुळातच असतात, वरून घातलेले नाहीत. अमेरिकेत हा शब्द छापायचा तर लिटरमागे निदान २५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार लागतात, आणि युरोपात तर त्या पाण्यावर जंतू मारायची प्रक्रिया करायलाच मनाई आहे, जमिनीतून येतानाच ते शुद्ध असायला हवं. स्प्रिंग वॉटर म्हणजे झऱ्याचं, पण त्याला क्षारांची अट नाही. आणि बाकीच्या ढीगभर बाटल्या म्हणजे बोअरचं नाहीतर सरळ नळाचं पाणी, आरओमधून काढलेलं, ओझोन किंवा यूव्ही मारलेलं, वर चवीपुरते क्षार परत घातलेले. २००७ मध्ये पेप्सीने आपल्या बाटलीबंद पाण्याच्या म्हणजे अ‍ॅक्वाफिनाच्या लेबलवर पाणी सार्वजनिक पुरवठ्यातलं आहे असं स्पष्ट लिहायचं कबूल केलं तेव्हा अमेरिकेत केवढी बोंबाबोंब झाली होती. मला त्यात फसवणूक वाटते ती बाटलीवरच्या डोंगराच्या चित्रात, पाण्यात नाही. नळाचं पाणी नीट गाळून भरलं तर ते वाईट कसं होईल?

(अल्कलाइन वॉटरवाल्यांनो, पोटातल्या अ‍ॅसिडचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दीड ते साडेतीनच्या आसपास असतो, तुमचं महागडं पाणी तिथं पोचल्यावर काय उरतं ते बघा. असो.)

आता सेफ्टीचं. "नैसर्गिक" लिहिलं की बिनधास्त प्यायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी पेरिए या फ्रेंच मिनरल वॉटरचं प्रकरण आठवावं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका लॅबला त्यांच्या बाटल्यांत बेंझीन हे कॅन्सर करणारं रसायन सापडलं आणि कंपनीला जगभरातून १६ कोटी बाटल्या परत मागवाव्या लागल्या. आलं कुठून? तर पाण्याला फेस आणणाऱ्या, जमिनीतनं येणाऱ्या त्या नैसर्गिक गॅसमधूनच (कार्बन डायऑक्साइड), तो साफ करायचे कोळशाचे फिल्टर वेळेवर बदलले नव्हते. उलटी बाजू डसानी या बाटलीबंद पाण्याची. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये कोका-कोलाने नळाचं पाणी भरपूर शुद्ध केलं, मग कॅल्शियमसाठी क्षार घातला, त्या क्षारात ब्रोमाइड होतं, वरून ओझोन सोडला, आणि ब्रोमाइडचं झालं ब्रोमेट, ज्याच्यावर कॅन्सरचा संशय आहे, तेही कायदेशीर मर्यादेच्या वर. म्हणजे शुद्ध करता करताच बिघडवलं. सुमारे ५ लाख बाटल्या परत. एक झऱ्याचं, एक नळाचं, दोन्हीकडे गडबड कारखान्यात झाली. म्हणून मी पाणी कुठलं यापेक्षा भरणारा किती काटेकोर आहे, तपासणीचे आकडे दाखवतो का, हे आधी बघतो.

आणि ते फॉरवर्ड, "गाडीत तापलेली बाटली प्यायली की कॅन्सर"! पीईटीच्या (पाण्याच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लॅस्टिक) बाटलीतून गरमीने अँटिमनी नावाचा धातू थोडाथोडा सुटतो हे खरं आहे, पण अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा ६० अंशाला पिण्याच्या पाण्यातली अँटिमनीची मर्यादा ओलांडायला १७६ दिवस लागत होते. ८० अंशाला मात्र सव्वादोन दिवस, म्हणजे गरमी आणि दिवस दोन्ही लागतात, म्हणून महिनोन्महिने उन्हात ढीग लावून ठेवणारा गोदामवाला मला जास्त खटकतो, दुपारी गाडीत राहिलेली एक बाटली नाही. शिवाय पीईटीतनं वासही आत जातो, पेट्रोल-रंगाच्या डब्यांशेजारी खोकी ठेवली की पाण्याला तीच चव.

प्लॅस्टिकच्या कणांचं म्हणाल तर २०२४ च्या कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण मिळाले, त्यातले ९० टक्के नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म, आणि गंमत म्हणजे त्यात नायलॉनच्या जातीचे कण पीईटीपेक्षाही जास्त होते, म्हणजे बहुतेक शुद्ध करायच्या फिल्टरमधूनच आलेले. शरीरात जाऊन ते काय करतात यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, पण माझ्यापुरतं ठरलंय, चांगलं नळाचं पाणी असेल तिथं बाटली घ्यायची नाही.

पण घरात-ऑफिसात खरा घोळ होतो तो सील तोडल्यानंतर. सीलबंद म्हणजे निर्जंतुक नव्हे, तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीसाठी बाटलीचं पाणीसुद्धा उकळूनच घ्यायचं असतं, हे किती जणांना माहितीये? तोंड लावून अर्धी प्यायलेली बाटली दोन दिवस बॅगेत फिरते, लाळेतले जंतू त्यात मजेत वाढतात, आणि आपण ती तिसऱ्या दिवशी संपवतो कारण "पाणीच तर आहे". तीच बाटली धुवून-पुसून महिनाभर वापरणारेही आहेत, त्या बारीक तोंडातनं आत हात जात नाही तर धुतलं काय डोंबल.

आणि जार! जारचं पाणी कसं का असेना, तो उलटा होतो कूलरवर, कूलरच्या आत जंतूंचा चिकट थर साचतो, नळीला आपण हात लावतो, जार लावताना त्याचं तोंड कोण पुसतं? ऑफिसात मी विचारलं कूलर शेवटी कधी धुतला, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. उघडून बघितला, काय निघालं ते इथं लिहीत नाही, काही जण जेवताना वाचत असतील. त्या दिवशी कूलरवर कागद चिकटवलाय, धुतल्याची तारीख लिहायची म्हणून.

दोन महिने झाले, कागदावर दोनच तारखा आहेत आणि दोन्ही माझ्याच अक्षरात. आत्याने मात्र बाटली बदललीय, पण लेबल अजूनही मलाच वाचायला लावते.