सोनेरी बेदाणा आणि ‘ई’ नंबरांची धास्ती

खाण्यात घालायच्या रंग-रसायनांना दिलेल्या ‘ई’ नंबरांची एक यादी सांगली-साताऱ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून फिरत असते. खाली ठरलेली ओळ: ‘युरोपात बंदी, आपल्याकडे सर्रास!’ जर्मनीत बसून ती वाचताना हसू येतं. हे नंबर युरोपनेच दिलेत आणि नंबर म्हणजे साधारणपणे तिथली परवानगी. ई 330 म्हणजे सायट्रिक ॲसिड, ई 322 लेसिथिन. ई 100 तर करक्युमिन, आपल्या सांगलीच्या हळदीतलं.

यादीत तथ्य अजिबात नाही असंही नाही. पावातलं पोटॅशियम ब्रोमेट युरोपने बंद केल्यावर बऱ्याच वर्षांनी, 2016 मध्ये, भारताने बंद केलं. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग इकडे युरोपात 2022 पासून खाण्यात चालत नाही. पण पाकिटामागचे नंबर वाचून घाबरणारा माणूस सुटा बेदाणा आणि पांढुरका गूळ मात्र बिनधास्त घेतो. माझा आक्षेप तिथे आहे.

तासगाव भागात द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये रॅकवर वाळवतात. डिपिंगमुळे सालीवरचा मेणचट थर सैल होतो आणि पाणी लवकर सुटतं. ढगाळ हवा किंवा अवकाळी पाऊस आला की वाळणं लांबतं, सालीतली एन्झाइम्स रंग काळपट करतात. मग रंग उजळ राखायला गंधकाची धुरी वाढते, कारण सौद्यात भाव रंगाला मिळतो. शेतकऱ्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही.

गुऱ्हाळातही तेच. रसात चुना जास्त पडला की गूळ काळवंडतो, कमी पडला तर ढेप नीट बसत नाही. मळी काढायला भेंडीचा चिक पुरतो, पण रंग उजळायला हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट ही विरंजक पावडर) टाकतात. तो उजळपणा टिकतही नाही, साठवणीत गूळ पुन्हा गडद होतो. मागे राहतो सल्फाइट, म्हणजे गंधकाचा अंश; धुरीच्या बेदाण्यातही तोच, आणि तो सल्फर डायऑक्साइडमध्ये मोजतात. अर्थात फिका गूळ म्हणजे हायड्रॉसच, असंही नाही. उसाच्या जातीवर आणि जमिनीवरही रंग ठरतो. खात्री फक्त तपासणीने होते.

युरोप याबाबत सोवळा नाही. इथे बेदाण्यात किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतो. फक्त 10 मिलिग्रॅमच्या वर असेल तर ते सांगावंच लागतं, सुट्या मालालाही. भारतातही पाकिटावर सल्फाइट लिहिण्याचा नियम आहे, पण पेठेतल्या पोत्यावर कोण लिहितो?

हिशेब करा. जागतिक तज्ज्ञ समितीने ठरवलेली सल्फर डायऑक्साइडची रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 0.7 मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या पोराला साडेदहा. बेदाण्यात किलोला 1000 मिलिग्रॅम असेल, तर वीसेक दाण्यांतच ती गाठली जाते. एखाद्या दिवशी खाल्ल्याने काही बिघडत नाही, ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्यासाठीची आहे. दमेकऱ्याचं मात्र वेगळं, त्याला थोड्यानेही धाप लागू शकते. कोमट पाण्यात भिजवून पाणी फेकलं तर काही भाग जातो, सगळा नाही.

बेदाण्याच्या सौद्यात प्रत्येक लॉटच्या पेटीवर सल्फाइटचा तपासलेला आकडा लिहा आणि भाव रंगाबरोबर त्या आकड्यालाही द्या. नंबरांची यादी फिरवणाऱ्यांनी आधी ही मागणी बाजार समितीकडे न्यावी.