ग्रहणात भाजी चिरली म्हणून?

भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्या महाल भागातल्या घरी आली. मुलगी झाली. रक्ताच्या तपासणीत डाउन सिंड्रोम निघाला आणि दोनच दिवसांत नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फिरता मेसेज आला: ‘गरोदर बाईनं ग्रहण पाळलं नाही की मंगोल मूल होतं. ते वीस वर्षं जगत नाही, काही शिकत नाही. बारसं गाजावाजा करून करू नये.’ विहिणबाईंनी फोनवर विचारलं, "ग्रहणात काय चिरलं होतंस, आठव बरं." पोरगी रात्रभर आठवत बसली.

म्हणून आधी ग्रहणाचंच बोलते. या बाळांच्या पेशींत २१ व्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं. हे १९५९ मध्ये जेरोम लजून आणि सहकाऱ्यांनी छापून दाखवलं. ही जादा प्रत बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच, कधी पुरुषबीजातून येते. गर्भ राहतो तेव्हा ती जवळजवळ नेहमी आलेलीच असते. मग पाचव्या महिन्यातल्या ग्रहणानं आणि विळीनं काय केलं? आईचं वय वाढलं की शक्यता वाढते हे खरं: पस्तिशीत साधारण ३५० बाळंतपणांत एक. पण तरुण बायकांचीच बाळंतपणं जास्त, त्यामुळे अशी बरीच बाळं त्यांच्याच पोटी येतात. आमची भाची सव्वीस वर्षांची आहे.

‘मंगोल’ हा अशा बाळांसाठीचा जुना शब्द तर मंगोलिया देशानं हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनं १९६५ मध्येच सोडला. आपल्या ग्रुपवर तो अजून नांदतो आहे.

वीस वर्षांची गोष्ट एके काळी फार खोटी नव्हती. अशा जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि तेव्हा त्यावर शस्त्रक्रिया होत नसे. आता चांगले उपचार मिळतात तिथे सरासरी आयुष्य साठीच्या घरात गेलंय. म्हणून पहिल्या दिवसांत ग्रहण नव्हे, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी बघायची. आमच्या बाळाला छिद्र निघालं. पाच-सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन आहे. थायरॉइड, कान, डोळे तपासत राहायचे. अंग सैल असतं, दूध ओढायला वेळ लागतो. वहिनी आता मांडीवर उशी घेऊन तिला नीट धरून पाजायला शिकवते आहे.

शिकण्याचं म्हणाल, तर ही मुलं बोलायला, चालायला उशीर करतात, पण शिकतात. किती, ते आधी सांगता येत नाही. कुठल्याच मुलाचं येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ठरावीक प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्यांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. (‘देवाची भोळी लेकरं, सदा हसरी’ असलं गोडगोडही मला पटत नाही. ही पोरगी भूक लागली की अख्खा वाडा उठवते.)

राहिलं बारसं. सव्वा महिना होतोय. पाळणा माळ्यावरून काढून धुतला, विहिणबाईंना फोन केला. त्या थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "कुंची मी शिवते."